आकाशपाळण्यातली जागा

कस्तुरे,

आठ दिवसापासून आपन जावा-जावा बोलत नाही, म्हनून लिहून ठेवतो. माह्या उकंड्याच्या पोटावर सकाळी पुरळ दिसले, माता आली. तुह्या लेकरायले लागू नये म्हनून त्याले घेऊन वावरातल्या झोपडीत चालली. आधीचे दोन लेकरं गेले, जीव थाऱ्यावर नाही.

सासूबाईले सांजेपर्यंत सांगू नको. त्यायनं दाराले कडुलिंब बांधला का घरातलं कोनीच जत्रेले जात नाही, आन् पोरं महिनाभरापासून आकाशपाळन्याचे दिवस मोजून राह्यले. माह्या मैनालेही बैलाच्या दमनीत घालून रिसोडच्या जत्रेले ने. धपाटे शिंक्यावर हायेत.

मैना विचारन तं सांग, आई पुढं गेली, पाळन्यात जागा धराले. तिथं ती मले शोधन. तवा तिले कडेवर घे. माह्यावरचा राग तिच्यावर काढू नको.

मनकर्णा