रँसच्या भिंतीतले सांधे

आप्पा,

मी रँसला जाऊन आले. फ्रान्समधलं जुनं शहर आहे. नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेनहून गाडीने चार तास, मध्ये बेल्जियम ओलांडावा लागतो. तिथे आठशे वर्षांचं एक प्रचंड दगडी चर्च आहे आणि ते बघायला जगभरातून माणसं येतात. मीही त्यासाठीच गेले, पण ती माणसं जे बघतात ते बघायला नाही. मी सांधे बघायला गेले होते. दोन दगडांमधला चुना कसा भरलाय, कुठे झिजलाय, कुठे नवा घातलाय. हे ऐकून तुमच्या कपाळावर आठी पडणार, मला माहीत आहे. पडू दे. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. आता ती आठी बघून मला हातातलं काही खाली ठेवावं लागत नाही.

मी गवंडी आहे, आप्पा. कागदावर त्याला भारदस्त डच नाव आहे, पण काम तेच. आमच्या ब्राबांट प्रांतातली जुनी चर्चं, जुने वाडे, पाणचक्क्या यांच्या भिंतींचे कुजलेले सांधे खरवडून काढायचे आणि त्या दर्जा नव्याने चुन्याने भरायच्या. आम्ही पाच जण आहोत, चार पुरुष आणि मी. पावसाळी पँट, लोखंडी टोकाचे बूट, डोक्यावर हेल्मेट. थंडीत बोटांना चिरा पडतात आणि त्यात चुना गेला की डोळ्यांतून पाणी येतं. सकाळी सात वाजता मी परांचीवर असते. तुमची मुलगी, बी.कॉम. फर्स्ट क्लास.

तुम्हाला ती उन्हाळ्याची सुट्टी आठवते का, माहीत नाही. मला रोज आठवते. मी नववीतून दहावीत गेले होते. आपल्या परड्याच्या कडेला तुम्ही जांभ्या चिऱ्यांची कुंपणाची भिंत रचली होती आणि दर्जा भरायच्या राहिल्या होत्या. तुम्ही आणि आई चिपळूणला लग्नाला गेलात, दोन दिवसांसाठी. तुमच्या कामावर घमेली वाहायला येणारी मावशी त्या दिवशी मजुरीचं विचारायला आली होती, तिलाच मी माल कालवून मागितला. ती हसली आणि दिला कालवून. मग मी तुमची लहान थापी घेतली आणि उन्हं उतरेपर्यंत भिंतीची एक बाजू भरली. मावशी उंबऱ्यावर बसून बघत होती. म्हणाली, हात चांगला आहे गो तुझा. मी ते वाक्य रात्रभर उशीखाली घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात. चपलाही न काढता परड्यात गेलात. भिंतीवरून बोट फिरवलंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मागे उभी आहे. तुम्ही वळून काहीतरी म्हणाल म्हणून मी श्वास धरून ठेवलाय. तुम्ही वळला नाहीत. समोरच्या वाडीतल्या गवंड्याला हाक मारलीत आणि छिन्नी आणायला सांगितलंत. माल अजून हिरवा, कच्चाच होता, पटापट निघाला. तो खरवडत होता आणि तुम्ही शेजारी उभे होतात, काम नीट होतंय ना हे बघत. सगळं निघाल्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

"मिस्त्रीच्या पोरीनं थापी धरली, असं गावात ऐकू येता नये," म्हणालात. "हे बाईमाणसाचं काम नव्हे."

बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही आयुष्यभर त्यावर बोलला नाहीत. मी सिव्हिल इंजिनिअरिंगला जाते म्हणाले तेव्हा तुम्ही आईकरवी नाही म्हणवलंत.

तुमच्या कामावर सहा बायका होत्या, आप्पा. दिवसभर डोक्यावर भरलेली घमेली घेऊन शिडीने वर चढायच्या आणि रिकामी घेऊन उतरायच्या. त्यातली एक आठव्या महिन्यापर्यंत येत होती. ते बाईमाणसाचं काम होतं. वर बसून थापी चालवणं मात्र नव्हतं. मी तेव्हा हे बोलून दाखवू शकले नाही, कारण मला ते नीट दिसलंच नव्हतं. आता दिसतं. आई अजून तुमची बाजू घेते. म्हणते, भ्यायचे गं ते, तरुणपणी परांचीवरून माणूस पडलेला बघितला होता त्यांनी. असेल. पण ती भिंत माझ्या कमरेइतकी होती. तिच्यावरून कोण पडणार होतं?

इथे आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो आइंडहोव्हनजवळ मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी सातव्या महिन्यात होते, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही. मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली, मी डच शिकले, एका गोदामात पार्सलांच्या याद्या तपासायची नोकरी केली. घराजवळच्या एका जुन्या चर्चची भिंत काही गवंडी दुरुस्त करत होते. मुलीला शाळेत सोडून येताना मी सायकल थांबवून बघत राहायचे. आठवडाभराने त्यातला म्हातारा खाली उतरला आणि त्याने विचारलं की मी तपासणीला आलेय का. मी म्हटलं, नाही, माझे वडील हे काम करायचे. त्याने थापी पुढे केली. मी घेतली. त्याने माझ्या सांध्यावर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाला, "वाईट नाही." ब्राबांटमध्ये याहून मोठी शाबासकी नसते, हे मला नंतर कळलं. दोन वर्षं मी आठवड्यातून एक दिवस गवंडीकामाच्या शाळेत आणि चार दिवस त्याच्या हाताखाली शिकले. नवरा सुरुवातीला म्हणाला, लोकांना काय सांगायचं? मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, मी सांगेन. आता इथल्या गणपतीत तोच सगळ्यांना माझ्या कामाचे फोटो दाखवतो.

तर रँस. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघं गेलो. सगळे पर्यटक दाराच्या डावीकडे गर्दी करतात, कारण तिथे एक हसणारा देवदूत आहे. पहिल्या महायुद्धात शहरावर तोफा डागल्या गेल्या, चर्च जळलं, त्या देवदूताचं डोकं तुटून खाली पडलं. नंतर तुकडे जोडून ते परत बसवलं. नवऱ्याने त्याचे फोटो काढले. मी गर्दीला पाठ करून भिंतीला नाक लावून उभी. लेक लाजेने दहा पावलं लांब उभी राहिली. पंधरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये देते. थोड्या वेळाने जवळ आली आणि तिने विचारलं की मी नक्की काय बघतेय. मी तिचं बोट धरून एका दगडावर ठेवलं. दगडावर बाणासारखी छोटी खूण कोरलेली होती. म्हटलं, ही ज्याने दगड घडवला त्याची खूण. हा दगड माझा, एवढंच सांगायला. मग ती पुढचा तासभर खुणा शोधत फिरली.

आम्ही वर चढलो, मनोऱ्याच्या अरुंद गोल जिन्याने. सोबत एक गाइड बाई होती. वर छपराच्या आत गेल्यावर मी चकित झाले. जुना लाकडी सांगाडा युद्धात जळला, म्हणून तो नंतर सिमेंटचा केला आहे. छोटे छोटे तुकडे ओतून लाकडासारखे एकमेकांत गुंतवलेले. तुम्हाला आवडलं असतं. तुमचं सिमेंटवर किती प्रेम होतं. हे मी मोकळेपणाने कबूल करते, ते काम सुंदर आहे. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं गाइड नवऱ्यालाच देत होती, आणि मग तिने त्याला विचारलं की तो इंजिनिअर आहे का. लेक तिला इंग्रजीत म्हणाली, "गवंडी माझी आई आहे. तिच्याकडे बघून सांगा." गाइड लाल झाली, माफी मागितली, आणि मग तिने मला कठड्याबाहेरचा एक नवा बसवलेला दगड दाखवला. वारा जोरात होता. खाली सगळं शहर आणि पलीकडे द्राक्षांचे मळे. मी तिथे उभी राहून तुमच्याशी भांडले, आप्पा, मनातल्या मनात, मोठ्या आवाजात.

खाली उतरल्यावर आम्ही मागच्या गल्ल्यांतून पार्किंगकडे निघालो. एका जुन्या घराच्या भिंतीशी मी थांबले. कोणीतरी कधीतरी मऊ दगडांच्या मध्ये सिमेंट भरलं होतं. सिमेंट जसंच्या तसं, करकरीत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दगड पापुद्रे सुटून आत गेलेले. हे मला शाळेत पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. सांधा दगडापेक्षा मऊ हवा. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं, सांधा झिजतो, पन्नास-शंभर वर्षांनी तो बदलायचा. सिमेंट पाणी अडवतं, मग ते दगडातून वाट काढतं आणि दगड मरतो. मी त्या भिंतीवर हात ठेवला, हाताला भुकटी लागली, आणि मला आपलं देऊळ आठवलं.

तुम्ही देवळाच्या चिऱ्यांमधला जुना चुना काढून सिमेंट भरलंत तेव्हा मी कॉलेजात होते. सेवा म्हणून केलंत. गावाने तुम्हाला शाल आणि नारळ दिला, आणि तुम्ही पहिल्यांदा माझ्यासमोर संकोचलात. मलाही अभिमान वाटला होता. दोन वर्षांपूर्वी मी गेले तेव्हा गाभाऱ्यामागची भिंत बघितली. जांभा सिमेंटच्या कडेने खाल्ला गेलाय, जागोजागी मूठ जाईल इतका. आत ओल आहे. पुजारी म्हणाला, चिरेच हलके होते. चिरे हलके नव्हते, आप्पा. तुम्ही चुकलात. भिंतीच्या बाबतीत आणि माझ्या बाबतीत, दोन्हीकडे. जे नीट होतं ते खरवडून काढलंत आणि तुम्हाला जे पक्कं वाटत होतं ते भरलंत. हे मी कोणाला विचारून म्हणत नाही. यातलं मला कळतं, तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

रँसहून परत आल्यावर दोन आठवड्यांनी गावाहून दादाचा फोन आला. देवळाची दुरुस्ती काढलीय, पडलेल्या जागी सिमेंट भरून वरून ऑइलपेंट मारणार आहेत, वर्गणी पाठवशील का. मी म्हटलं, कमिटीच्या अध्यक्षांशी बोलायचंय. दादाने त्यांच्या घरी जाऊन फोन स्पीकरवर ठेवला. मी सगळं सांगितलं. सिमेंट हलक्या हाताने काढा, चुना भिजवून मुरवा, रंग तर अजिबात नको, भिंतीला श्वास घेऊ द्या. मागे कपबश्यांचा आवाज येत होता. अध्यक्ष ऐकून घेऊन म्हणाले, बरोबर असेल पोरी, पण तू तिकडे ऑफिसात, तुला कोणी सांगितलं हे? मी म्हटलं, मी हेच काम करते काका. ते हसले. वाईट हसले नाहीत, लाडाने हसले, लहान मुलीला हसतात तसे.

मी रँसच्या मनोऱ्यावर बोललेलं सगळं तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द तयार होते. पण मला देवळाची ती भिंत दिसत होती आणि पुढच्या सोमवारी सिमेंटच्या गोण्या येणार होत्या.

मी म्हटलं, "आप्पा म्हणायचे."

काय म्हणायचे, अध्यक्षांनी विचारलं.

"शेवटी शेवटी फोनवर म्हणायचे. आपण तिथे सिमेंट घालायला नको होतं, चुनाच हवा होता, जमलं तर बदला म्हणून."

अध्यक्ष म्हणाले, मिस्त्री म्हणाले असतील तर प्रश्नच नाही. त्यांनी गोण्या रद्द केल्या. दादा नंतर मला म्हणाला, मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, हं.

आता चुना मुरायला घातलाय. दिवाळीत मी सुट्टी घेऊन जातेय, बूट आणि हत्यारं घेऊन, आणि परांचीवर मीच चढणार आहे, गावाला काय ऐकू यायचं ते येऊ दे. लेकही येते म्हणते. हे पत्र मी कुठेच टाकणार नाही, टाकायला जागा नाही. फक्त एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. शेवटच्या फोनवर तुम्ही चुन्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हतात. मला विचारलं होतंत, तिकडे थंडी फार आहे का, आणि मी घाईत होते म्हणून नाही म्हटलं होतं. बाकीचं मी रचलं. आता गावात सगळे म्हणतात की मिस्त्री मोठ्या मनाचा माणूस, आपली चूक स्वतः सांगून गेला. मी ते खोडून काढत नाही. खरं सांगायचं तर, ऐकायला बरं वाटतं.