श्रीपालचा कडक उपास

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२४ ऑगस्ट २०२०

ती. अक्कास,
श्रीपालचा जय जिनेंद्र, सा. न. वि. वि.

फोनवर बोललो तर ऐश्वर्या ऐकती, म्हणून दुधाच्या गाडीबरोबर कागलला चिठ्ठी धाडतोय. कालपासनं पोटात उजवीकडं कळा मारत्यात, घास उतरत न्हाई. पण दवाखान्याचं नाव काढू नकोस. पाय ठेवला की कोरोना घेऊनच बाहेर, आणि गल्ली बांबू लावून बंद! पर्युषण सुरू झालंय, म्हणून घरात सांगून टाकलं, माझा दहा दिवसांचा उपास हाय. ऐश्वर्या, सख्खी बायको, पाया पडली की गं! देवळातनं, आपल्या बस्तीतनं, कौतुकाचे फोन येत्यात. कुणाला बोलू नकोस.

रागाव हवं तर, पण माया आटवू नकोस.
तुझा श्रीपाल

कागल
२५ ऑगस्ट

चि. सौ. ऐश्वर्यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझा फोन श्रीपालच उचलून ठेवतोय, म्हणून चिठ्ठी. अगं बाई, कसला उपास घेऊन बसलीस! लहानपणी चतुर्दशीला बस्तीमागं लपून भडंग खाणारा माणूस हा. त्याचं पोट दुखतंय, आणि कोरोनाला भिऊन उपवाशी झालाय. आत्ताच्या आत्ता गाडीत घाल त्याला. शिव्या मी मागनं घालीन, आधी माझा भाऊ जगू दे.

पोरांना पापा. खुशाली कळेपर्यंत माझ्या जिवाला चैन न्हाई.
तुझी अक्का

मंगळवार पेठ
३१ ऑगस्ट

ती. अक्कास,
टाके घातलेल्या श्रीपालचा सा. न. वि. वि.

तुझ्यामुळं वाचलो. दवाखान्याच्या दारात मी पोट धरून ओरडतोय, आणि त्यांनी नाकात काडी घातली. रिपोर्ट आल्याबिगर पोटाला हात लावायचा न्हाई म्हणे. रिपोर्ट निगेटिव आला, ऐश्वर्यानं हात जोडले, तोवर अपेंडिक्स फुटलेलं! डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि वर मलाच झापलं, एवढा उशीर का केला म्हणून. पुढं तीन दिवस तोंडात पाणी न्हाई. खरा उपास तो, पण कौतुकाचा एक फोन आला न्हाई.

काल घरी आलो. उपासानंच आजारी पडलो समजून बस्तीची मंडळी खिडकीतनं नारळ द्यायला आली, तर लाज सोडून सदरा वर केला आणि टाके दाखवले. आज सकाळी माझ्यासारखंच दुखणं लपवणाऱ्या गल्लीतल्या दोघा उपवाशांनी गुपचूप उपास मोडला आणि दवाखाना गाठला!

पण अक्का, समोरचे बाळासो काका चार दिवस पाण्यावर हायत आणि पोट धरून वाकून चालत्यात. मी समजावलं, तर म्हणाले, तुझा उपास खोटा म्हणून माझाबी खोटा व्हय? लोक पाया पडत्यात, त्यांना आता मागं फिरता येईना. मला लई भ्या वाटतंय. ते तुझंच ऐकतील. तुझा फोन सकाळपासनं लागंना, म्हणून हे लिहिलं. या खेपेला तू चिठ्ठी लिहीत बसू नकोस, गाडी घेऊन ये.

तुझ्या मायेनं मी उठलो, थोडी काकांसाठी राखून ठेव.
तुझा श्रीपाल