रमणभाईंच्या इंजिनाची गळती

३ फेब्रुवारी १९९८

रिफायनरीतून निवृत्त झाल्यावरचं पहिलं खरं काम! चांदोदचे नावाडी रमणभाई होडीचं इंजिन टेम्पोत घालून बडोद्याला, निजामपुऱ्यात आमच्या घरी घेऊन आले. डिझेलही गळतं, इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंटही. रविवारी त्यांना लग्नाचं वऱ्हाड नदीपलीकडे न्यायचंय. अंगण आता आठवडाभर तेलकट, असं बायको, नीरा, म्हणाली. चहा मात्र दोनदा दिला.

४ फेब्रुवारी

हिरवं पाणी पंपाच्या सीलमधून येत होतं. नवं सील बसवलं. रबरी नळीही कडक झाली होती, तीही बदलली. खाली पुठ्ठा टाकून तासभर इंजिन चालवलं. पुठ्ठ्यावर एक हिरवा थेंब नाही.

५ फेब्रुवारी

डिझेलच्या जोडातला तांब्याचा वॉशर बदलला. कोरडं! रमणभाईंना फोन केला—उद्या न्या.

६ फेब्रुवारी

टेम्पो दारात उभा. इंजिन नुकतंच चालवून बंद केलेलं. तेवढ्यात नीरा आतून आली. म्हणाली, अजून डिझेलचा वास येतोय. मी म्हटलं, फरशीचा असेल. ती ऐकेना. पदर खोचून वाकली, इंजेक्टरच्या नळीपाशी नाक नेलं.

"इथे आहे. तुम्हाला खरंच येत नाही?"

मी नाक लावलं. काहीच नाही. चिंधी फिरवली तर ओली झाली. नळीला केसाएवढी चीर. ते डिझेल तापलेल्या इंजिनावर उडालं असतं, तर—होडीत पस्तीस माणसं.

रमणभाईंना खरं तेच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "काका, काले लई जईश." म्हणजे उद्या नेईन.

संध्याकाळी नीराने मला डोळे मिटायला लावले. नाकाशी बडीशेप धरली, मग रॉकेल, मग हिंग. हिंगसुद्धा कळला नाही! वर्षभर भाजी करपली तरी मी मुकाट्याने जेवतो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"मला वाटलं, तुम्ही आता मवाळ झालात."

दोघंही हसलो. मग ती डोळे पुसत डबे उचलायला लागली.

७ फेब्रुवारी

नवी नळी बसवली. नीराने एकेक जोड हुंगला, मग म्हणाली, न्या. इंजिन गेलं.

९ फेब्रुवारी

वऱ्हाड सुखरूप पोचलं. रमणभाईंनी पेढे पाठवले.

१६ फेब्रुवारी

नाकासाठी गेलो, तर डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितला. उजव्याची बोटं थरथरत होती. मी म्हटलं, पाना धरून धरून होतं. ते म्हणाले, बहुधा कंपवात, वास जाणं ही कधीकधी त्याची सुरुवात असते. रिक्षात नीराने तो हात घरापर्यंत सोडला नाही.