साबणाने घासलेली नळी

घोडेगाव, शुक्रवार

तीर्थरूप आईच्या पायांवर संपतचा नमस्कार. अक्षदाने हे सावकाश वाचून दाखवावे.

जेवण वेळेवर होते, झोपही लागते. म्हैस व्याली का?

दवाखान्यात आम्हाला सर्पदंशाचे शिक्षण देतात. परीक्षा पास झालो तरच कामावर ठेवणार आहेत. रुग्णाचे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे तसेच ठेवायचे, हात लावायचा नाही. ते गोठले नाही, तर विष भिनले असे समजायचे.

सोमवारी सरावाला माझेच रक्त घेतले, ते गोठेना. मोहिनी सिस्टर म्हणाल्या, "संपतराव, घोणस चावून आलाय व्हय? बसा खाली." सगळे हसले. मग त्यांनी विचारले, "नळी कुठली घेतली व्हती?"

मी ती आदल्या दिवशी साबणाने तीनदा घासली होती, तू भांडी घासतेस तशी लख्ख. साबणाचा अंश राहिला तर रक्त गोठत नाही, नळी नवी कोरीच लागते. वाटले, आता घरी पाठवतील.

आज परीक्षा झाली आणि नव्या नळीत रक्त गोठले. सिस्टरांनी नव्या नळ्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली.

तात्या अजून खाचरात अनवाणीच जातात का? त्यांना बूट घालायला सांग. कधी साप चावलाच, तर पाय आवळून बांधू नका, जीप करून लगेच इकडे आणा. वीस मिनिटे मी नळीला हात लावणार नाही, पण तात्यांचा हात सोडणार नाही.

तुझा,
संपत