फिल्टर लहान की मोठा

अहो,

शेतावरनं आलात की आधी हे वाचा. तुमचं पाणी शुद्ध करायचं मशीन खोक्यात घालून मी जलालभाऊंच्या टेम्पोतनं भोरच्या दुकानात परत द्यायला निघालेय. घेताना विचारायचं तरी, की आमच्या नळाला धार करंगळीएवढी, तिच्यावर हे चालंल का! त्याला पाणी वरनं लागतं म्हणून तुमी माळ्यावर ड्रम चढवलात. पण तो भरतंय कोण? कळशी घेऊन शिडी मी चढते. एवढं करून लाईट गेली की मशीन गप्प, आणि मी पुन्हा हंड्यात तुरटी फिरवत बसते. त्याच्या बदल्यात कँडलचा साधा स्टीलचा फिल्टर आणते. त्याला ना लाईट लागते, ना माळा.

मशीन कुणासाठी आणलंत ते मला कळतं. पण आपली सून पाण्यामुळं रुसून गेली न्हाई. स्नेहल बाळासाठी पाणी उकळत होती, तर तुमी भरल्या ताटावर म्हणालात, "आमचं पाणी चालत नसंल तर पोराला हितं आणू नको." तिनं तुमचंच ऐकलं. गणपतीलाबी आणलं न्हाई.

तुमचा मोबाईल चार्जिंगला लावलाय. तिला फोन करा. सार्थकला करून "बायकोला सांग" म्हणायचं न्हाई, तिलाच करा. आमटी चुलीवर हाय, पण जेवण मागनं.

दुकानात पोचले की मी स्नेहलला फोनवर विचारणार हाय. "मामांचा फोन आला" म्हणाली, तर मोठा फिल्टर घेते, नातवासकट सगळ्यांना पुरंल असा. न्हाईतर लहानच घेते, आपल्या दोघांपुरता.

नूतन