डिंकीला एक महिना

३ नोव्हेंबर, सोमवार

उंदरांनी पावतीपुस्तकांचा अख्खा गठ्ठा कुरतडला. चाळीस पुस्तकं! आणि राग कुणावर? प्रेसच्या मांजरीवर, डिंकीवर.

मालकीणबाई कधी बाइंडिंगच्या खोलीत येत नाहीत, आज आल्या. गठ्ठा उचलला तर खालून नुसता भुगा. डिंकी तिथेच, डिंकाच्या डब्याशेजारी पोत्यावर पसरलेली. बयेने डोळासुद्धा उघडला नाही. मालकीणबाई म्हणाल्या, बारा वर्षं पाळली ती उंदरांसाठी. नुसती झोपणार असेल तर दुसरी आणू, हिला कुठेतरी सोडून येऊ.

सोडून येऊ! कुठे? रस्त्यावर?

मी मध्ये बोलले. या प्रेसमध्ये शिकायला येऊन मला जेमतेम तीन महिने झालेत, तू गप्प बस असं छपाईच्या मशीनवरच्या मशीनदादाने डोळ्यांनी सांगितलं. तरी बोलले. म्हटलं, ती आळशी नाहीये, तिला काहीतरी होतंय. एक महिना द्या. महिन्यात कामाला लागली नाही तर मग काय ते ठरवा.

ठीक, म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत.

सगळ्यात वाईट बोलले बाइंडर काका. म्हणजे माझे गुरू! खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. “काम होत नसेल तर जागा कशाला अडवायची? मी तिच्या जागी असतो तर आपणहून गेलो असतो.”

दगड आहे हा माणूस.

४ नोव्हेंबर

अर्धा दिवस सुट्टी. डिंकीला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे. वाटेत बसमधल्या सगळ्यांना कळलं की माझ्याकडे मांजर आहे.

सांधेदुखी. मागचे दोन्ही खुबे आणि पुढची कोपरं. डॉक्टरबाईंनी खुब्याला हात लावला आणि डिंकीने त्यांच्या अंगठ्याला दात लावले.

मी म्हटलं, पण ही लंगडत नाही, ओरडत नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, “मांजर दुखणं सांगत नाही. एकेक काम सोडत जाते, एवढंच. आणि आपण म्हणतो, आळशी झाली.”

हे मी बसमध्ये तळहातावर लिहून ठेवलं.

एक कागद दिलाय, दर आठवड्याला भरायचा. सात प्रश्न. पूर्वीची कुठली कामं सोडली का? काही करण्याआधी थांबते का? सकाळी आखडलेली असते का? ऊब शोधते का? अंगाची निगा कमी झाली का? हात लावला की चिडते का? एकटी राहते का?

डिंकी – सातपैकी सात. टॉपर!

दुखण्यावर थेंब दिलेत, वजनाप्रमाणे मोजून. आणि दम दिलाय – माणसाची दुखण्यावरची गोळी चुकूनही द्यायची नाही, एका गोळीत मांजर मरू शकतं. सप्लिमेंटचं विचारलं तर खांदे उडवले. काहींचा थोडा उपयोग होतो, म्हणाल्या, काहींचा फक्त दुकानदाराला. आणि फरक दिसायला सहा आठवडे.

माझ्याकडे चारच आहेत, म्हटलं.

“मग तसं तिला सांगा,” म्हणाल्या.

६ नोव्हेंबर

काम सुटल्यावर पेट शॉप. एक भिंतभर सांधेच सांधे! पावडर, गोळ्या, बिस्किटं, जेल. प्रत्येक डब्यावर हवेत उडी मारणारं मांजर.

दुकानदाराने सगळ्यात मोठा डबा पुढे केला. बेस्ट सेलर म्हणे. मी मागचं लेबल वाचायला लागले तर म्हणतो, मॅडम, ते कुणी वाचत नाही. मी वाचते! अकरा वर्षं इंग्रजी शाळेत घासली ती कशाला? पहिला घटक स्टार्च. दुसरा चिकन फ्लेवर. सांध्यांसाठी असतं ते ग्लुकोसमाइन शेवटून दुसरं, चिमूटभर. आणि कुठल्या वजनाच्या मांजराला किती, ते कुठेच नाही.

दुसरा डबा कुत्र्यांचा. अर्धी गोळी द्या की, म्हणाला. का? मांजर म्हणजे काय अर्धा कुत्रा?

तासभर उभी होते. शेवटी दोन घेतले. हिरव्या शिंपल्याची पावडर, आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. तेल घेताना पण बघावं लागतं – माशाच्या लिव्हरचं नको, त्यात व्हिटॅमिन ए फार, रोज दिलं तर उलटंच होतं. हे दुकानदाराला मी सांगितलं. तो म्हणाला, तुम्हीच दुकान काढा.

काढीन पण!

७ नोव्हेंबर

आज डिंकी बाजूला. आज माझं!

काकांनी दाभण आणि सुया माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाले, “आजपासून शिवण तुझी. सगळी.”

सगळी!! मशीनदादा म्हणतो, इथे शिवणीला हात लावायलाच वर्ष जातं. मला तर तीनच महिने झालेत. कटिंगचं तर मागच्या महिन्यातच दिलं होतं मला. काका तोंडाने कौतुक करत नाहीत, पण माणूस ओळखतात म्हणजे.

शिवलेल्या पुस्तकाचा फोटो बाबांना पाठवला. इंग्रजी शाळेत शिकून पुस्तकं शिवणार का, म्हणाले होते ना? हो. शिवणार. बघा.

११ नोव्हेंबर

शिंपल्याची पावडर फेल. खाण्यात मिसळली तर डिंकी खाण्याकडे अशा नजरेने बघते जसं मी तिला कर्जाचा फॉर्म भरायला दिलाय. पाण्यात कालवून पाहिली. पंजाला चोपडली. तिने पंजा पोत्याला पुसला.

तेल पास! कॅप्सूलला टाचणीने भोक, खाण्यावर पिळायची, ताटली साफ. मशीनदादा म्हणतो, आता सगळी पुस्तकं मासळीच्या वासाची जाणार.

काकांची दाढी चांगलीच वाढलीय. पूर्वी रोज तुळतुळीत असायचे. मशीनदादाने मठ कधी काढताय म्हणून विचारलं. फॅशन आहे, म्हणाले काका.

मग मला हळूच विचारलं, हे तेल माणसाला चालतं का. मेव्हण्यासाठी विचारतोय म्हणे. मी म्हटलं, मांजराची चेष्टा करायची तर सरळ करा की. त्यांना मेव्हणा आहे हे मला आजच कळलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भांडले काकांशी. कडकडून.

काल ताईच्या घरी सामान हलवायचं होतं म्हणून सुट्टी होती. जाताना काकांना दहा वेळा सांगितलं होतं – दुपारी एक कॅप्सूल, बस. एवढं करा. आज येऊन मोजल्या, एकही कमी नाही! विचारलं तर म्हणाले, विसरलो.

विसरले! दिवसभर तिच्यापासून चार हातांवर बसतात. आता तर खुर्ची पण खिडकीच्या उन्हात नेलीय, उजेड लागतो म्हणून. तिथून डिंकीचं पोतं समोर दिसतं. मी म्हटलं, तुम्हाला ती गेलेलीच हवीय. तोंडावर म्हटलं.

आणि वर हे – कॅप्सूलच्या बाटलीच्या झाकणावर दातांच्या खुणा! खोल, गोलाकार. मुलांनी उघडू नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण असतं ना, ते चावून चावून पांढरं केलंय. उंदीर आता औषधापर्यंत पोचले. बाटली पत्र्याच्या कपाटात ठेवली.

१६ नोव्हेंबर

रविवार. बोटांना सुईचे घट्टे पडलेत. मस्त वाटतं.

१९ नोव्हेंबर

रद्दीच्या गठ्ठ्यांचा जिना केला. एक गठ्ठा, दोन, तीन – आणि पुढे कागदाचा रॅक. म्हणजे उडी मारायचीच नाही, चढायचं. डिंकीने पहिल्या पायरीचा वास घेतला आणि तिथेच झोपली. चालेल. पहिली पायरी तर पहिली.

मशीनदादाचा आज वाढदिवस. सगळ्यांशी हात मिळवत सुटला होता. काकांचा हात धरून जोरात हलवला तर काका असे खेकसले की बिचारा पेढ्यासारखा मऊ झाला. डबाही काकांनी गोदामात एकट्याने खाल्ला. हल्ली तिथेच खातात.

माझ्यामुळे चिडलेत बहुतेक. चिडू देत.

२२ नोव्हेंबर

चढली!!! रॅकच्या दुसऱ्या फळीवर! स्वतः! वर जाऊन पाठ चाटली – मागच्या बाजूची, जी दोन महिने चाटली नव्हती. कागद भरला, सातपैकी चार. तेलामुळे, थेंबांमुळे की जिन्यामुळे, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर तेलाचे दोन आठवडेच झालेत. पण मी कुणाला सांगणार नाहीये.

काका फळीकडे बघत होते. बराच वेळ. मग विचारलं, “दुखायचं थांबतं का गं तिचं?”

कमी होतं, म्हटलं. डॉक्टरकडे नेलं तर.

बरं, म्हणाले. चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसले होते. थंडी पडलीय.

२७ नोव्हेंबर

उंदीर आला. भर दुपारी, खोलीच्या मधोमध. डिंकी फळीवरून बघतेय. मी श्वास रोखून. मशीनदादाने मशीन बंद केलं. उंदीर थांबला, मिशा साफ केल्या.

डिंकीने जांभई दिली.

मशीनदादा हसून हसून जमिनीवर बसला. मी पण हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. दोन दिवस राहिलेत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उंदीर – शून्य. मालकीणबाई बाहेरगावी, सोमवारी निकाल.

माझ्या खोलीत मांजर चालत नाही, घरमालकाला तिसऱ्यांदा विचारलं. ताईकडे कुत्रा. पण डिंकी कुठेही जाणार नाही. सोमवारी कागद दाखवणार, चारही आठवड्यांचे. आठ दिवसांत आणखी एक खूण गेली – सातपैकी तीन! तिचं दुखत होतं याचं हे प्रूफ आहे. कामचुकार म्हणू नका, एवढं तरी कबूल करून घेणार.

१ डिसेंबर, सोमवार

लवकर गेले. कागद शेवटचा तपासायला घेतला. पहिला प्रश्न – पूर्वीची कुठली कामं सोडली? डोकं वर केलं तर समोर काका. खुर्ची उन्हात. पेला दोन तळव्यांत. दाढी. कटिंग माझ्याकडे. शिवण माझ्याकडे, सगळी. सातपैकी सात.

मला वाटलं होतं माझा हात चांगला म्हणून दिली.

बाटली काढून पाहिली. झाकणावरचे दात उंदराचे नाहीत. काका विसरले नव्हते.

मालकीणबाई आल्या. कागद दाखवलेच नाहीत. म्हटलं, महिन्याची अट मी घातली होती, ती चुकीची होती, मी मागे घेते. डिंकीने उंदीर पकडला नाही. पुढेही नाही पकडला तरी ती इथेच राहणार. बारा वर्षं पकडलेत तिने. आता तिची जागा तिची.

मोठ्याने म्हटलं. खिडकीपर्यंत ऐकू जाईल इतकं.