सेनापती लहान असताना

१४ ऑगस्ट, दुपार, दुकानातून

प्रिय घुबडा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा बरा आहे, चष्म्याचं दुकान चालू आहे, माझंच डोकं ठिकाणावर नाही. याआधी दोन पत्रं लिहून फाडली.

आधी बातमी. आपल्या सात दरवाज्यांच्या मालिकेचं नवं पुस्तक आलंय! सगळ्याच्या आधीची गोष्ट, काळा सेनापती लहान असतानाची. तू म्हणायचास ना, "ताई, तो काही जन्मतः वाईट नसणार"? जिंकलास, मेल्या. लोहाराचा मुलगा निघाला. भट्टीवर बसायचं नाही म्हणून बापाशी भांडतो आणि घर सोडतो.

मला मात्र ते चोरून, तुकड्यातुकड्यांनी वाचावं लागतंय, कारण पुस्तक बाबांकडे आहे. हो, आपल्याच बाबांकडे. "राक्षसांची पुस्तकं" म्हणून नाक मुरडायचे तेच! समोरच्या पुस्तकवाल्याला तू कधीकाळी सांगून ठेवलं होतंस, नवं आलं की माझ्यासाठी ठेवा. त्याने इमानेइतबारे ठेवलं. बाबा घेऊन आले आणि स्वतःच वाचत बसले. मी म्हटलं, "अहो बाबा, ही आधीची गोष्ट नंतर वाचायची असते." तर म्हणे, "आधीची नंतर? डोकं फिरलंय का तुझं?"

गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर पुस्तक उघडतात. खूण म्हणून डोळे तपासायचं छोटं कार्ड. काल एका बाईंना भलत्याच माणसाचा चष्मा दिला. बाबांनी! मी बघतच राहिले.

त्या बाई गेल्यावर बाबांनी काच पुसता पुसता, माझ्याकडे न बघता विचारलं, "हा पोरगा पुढे घरी येतो ना?"

आता काय सांगू? तुला-मला ठाऊक आहे. येतो, पण फौज घेऊन. स्वतःच्याच गावाचा दरवाजा जाळतो, आणि म्हातारा तोवर... जाऊ दे.

मी म्हटलं, "येतो."

"मग ठीक," म्हणाले, आणि तीच काच पुन्हा पुसायला लागले.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. आपले जुने सातही भाग मी पलंगाखाली ढकललेत. पुस्तकवाल्याला बजावलंय, बाबांनी पुढचं मागितलं तर संपलं म्हणा. पण हे किती दिवस पुरणार? शेवटाकडे आलेत ते.

तू घर सोडून गेलास तेव्हा बाबा "परत पाय ठेवू नकोस" म्हणाले, ते मीही ऐकलंय रे. तूही काही कमी बोलला नाहीस. पुस्तकातला लोहारही तेच म्हणतो. ते पान बाबांनी दोन दिवस उलटलंच नाही.

दुकानात बस असं तुला कोणी म्हणणार नाही. म्हणालेच तर मी आहे ना, आता दुकान मीच बघते. जेवायला ये. हवं तर भांडायला ये. पण ये.

बाबांना मी 'येतो' म्हणून सांगून बसलेय. मला खोटी पाडू नकोस.

तुझी,
ताई